वळिवड्याची चूल



आज निरूपणाला दान हा विषय घेतला आहे. दानाचं नाव काढलं की काही मंडळी खिसा चाचपायला लागतात. आत्ताच दोघातिघांचा हात गेला. घाबरू नका, आज ताट फिरणार नाही. किती द्यावं हे आज सांगायचंच नाही. कसं द्यावं, एवढंच सांगायचं आहे. आणि तेही कुणाला? लढाईत ज्याचं घर गेलं, गाव गेलं, देश गेला, आणि जो अंगावरच्या कपड्यानिशी दुसऱ्याच्या दारात येऊन उभा राहिला, त्याला.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले. परतफेडीची आशा न ठेवता, योग्य वेळी, योग्य जागी, योग्य माणसाला दिलं ते सात्त्विक. पुढे आपलं काही काम होईल म्हणून दिलं, नाहीतर कुरकुरत दिलं, ते राजस. आणि तिसरं तामस. आता गंमत बघा. तामस माणूस देत नाही असं भगवंत म्हणत नाहीत. तो देतो! पोतंभर देतो. पण भलत्या जागी, भलत्या वेळी देतो, आणि समोरच्याला तुच्छ लेखून देतो. म्हणजे दान झालं, पावती फाटली, फोटो निघाला, आणि तरीसुद्धा ते दान तामस. धान्य तेच, पोतं तेच. फरक कशात पडला? देणाऱ्याच्या नजरेत.

तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला घरी पाठवताना देण्याची रीत सांगतात. श्रद्धेनं द्यावं, ऐपतीप्रमाणे द्यावं, आणि लाजून द्यावं. लाजून! लाज कुणाला वाटायची? आपण समजतो घेणाऱ्याला. उपनिषद म्हणतं देणाऱ्याला. बाबा रे, तुझं एवढं मोठं दुःख, आणि मला एवढंच देता येतंय, याची लाज.

(विठ्ठल विठ्ठल)

सुदाम्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पण एका ठिकाणी जरा थांबून बघा. सुदामा द्वारकेला आला. देवानं पाय धुतले, आसनावर बसवलं. मग काय केलं? थैली दिली? नाही. आधी मागितलं. वहिनीनं काय पाठवलंय ते काढ म्हणाला, आणि काखेतली पोह्यांची पुरचुंडी हिसकावून घेतली. ज्याला द्यायचं त्याच्याकडून आधी घेतलं. आणि दिलं कधी? सुदामा रिकाम्या हातानं परत निघाला तेव्हासुद्धा हातावर काही ठेवलं नाही. गावी पोचला तर झोपडीच्या जागी वाडा. द्यायला तिथे कुणी उभंच नव्हतं. भर दरबारात राण्यांच्या देखत मोहरांची थैली सुदाम्याच्या हातात ठेवली असती, तर सुदामा श्रीमंत झाला असता, पण मित्र राहिला नसता. याचक झाला असता.

ही रीत तुम्हाला नवी नाही. तुम्ही वारीला जाता. लोणंदला, फलटणला, नातेपुत्याला, वेळापूरला लोक तुम्हाला हाताला धरून जेवायला बसवतात. पिठलं-भाकरी वाढतात, आणि वाढून झालं की तुमच्याच पाया पडतात. जेवलं कोण? तुम्ही. पाया कोण पडतो? वाढणारा. जगाच्या पाठीवर असं फार कुठे बघायला मिळत नाही. आणि तुम्हाला त्याचं काही वाटतही नाही इतकं ते अंगवळणी पडलं आहे.

पण मायबाप, तुमच्या घराला कुलूप लावलेलं असतं आणि किल्ली कमरेला असते. पंधरा-वीस दिवस पायी चालता, पावसात भिजता, उघड्यावर झोपता, पण एकादशी झाली की परत जाता. तेच दार, तीच चूल, गोठ्यात तीच म्हैस. निर्वासित म्हणजे ज्याच्याजवळ किल्ली आहे आणि दारच उरलं नाही असा माणूस. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेनं २०२४ च्या अखेरीस मोजणी केली, तर लढाई, छळ आणि हिंसेमुळे घर सोडावं लागलेली माणसं बारा कोटींच्या वर भरली. उभ्या महाराष्ट्राची जेवढी लोकसंख्या, जवळपास तेवढी माणसं आज बिनघरची आहेत.

आता उत्तररंगाला मी पुराणातलं आख्यान घेत नाही. आपल्या कोल्हापूरजवळचं घेतो.

अंबाबाईच्या दर्शनाला तुम्ही जाता. दर्शन झालं की बायका म्हणतात, आलोच आहोत तर गांधीनगरला जाऊन येऊ, साड्या स्वस्त मिळतात. मिळतात की नाही? बघा, हसल्या! तर त्या गांधीनगरच्या जागी, वळिवडे गावाच्या शिवारात, १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहत होती. पोलंड देशाची. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी.

पोलंड कुठे, कोल्हापूर कुठे? ती इथे आली कशी, ते ऐका.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनं हल्ला केला आणि सतरा दिवसांत पूर्वेकडून सोव्हिएत रशियाचं सैन्य घुसलं. देशाचे दोन तुकडे झाले. १९४० सालच्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, रशियाच्या ताब्यातल्या भागात रात्री-अपरात्री दारं ठोठावली गेली. सामान बांधा म्हणाले. किती वेळ? थोडासाच. काय घ्यायचं? जे हाताला लागेल ते. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळ्यांना गुरांच्या वाघिणीत भरलं आणि सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन सोडलं. अशा खेपांवर खेपा झाल्या. तिथे जंगलतोडीला लावलं, शेतावर राबवलं. काम केलं तर पावाचा तुकडा, नाहीतर तोही नाही. किती मेले त्याचा हिशेब आजही इतिहासकार घालताहेत.

पुढे १९४१ च्या जूनमध्ये जर्मनी रशियावरच उलटली. मग रशियाला पोलंडची आठवण झाली. या लोकांना सोडायचं ठरलं, त्यांच्यातून सैन्य उभं करायचं ठरलं. सुटका झाली म्हटल्यावर लोक दक्षिणेकडे निघाले. सांगाडे चालत होते असं म्हणा. १९४२ मध्ये सैनिक आणि त्यांच्या मागोमाग बायका-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून जहाजांनी इराणच्या पहलवी बंदरात उतरली. लाखाच्या वर माणसं.

इथे एक गोष्ट घडली, ती मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. बंदरावर मदत होती. ब्रिटिश सैन्य होतं, इराणी लोक होते, कुणाच्या मनात खोट नव्हती. दोन वर्षं अर्धपोटी राहिलेल्या या माणसांना त्यांनी पोटभर खायला घातलं. डब्यातलं मांस, तुपकट सूप. आणि त्या अन्नानं माणसं मेली! आटलेल्या आतड्यांना ते झेपलं नाही. हगवणीनं कित्येक गेले. देणाऱ्यानं चांगलंच दिलं होतं, पण घेणाऱ्याच्या पोटाला काय चालेल हे विचारायचं राहून गेलं. आपल्याकडची आजी बरी. लंघन झालेल्याला आधी पेज, मग मऊ भात, मग वरण. तिला कुणी शिकवावं लागत नाही.

आणखी एक. त्या लोकांच्या अंगावर उवा होत्या, टायफसची साथ होती. म्हणून कपडे जाळले आणि केस कापले. बायकांचेसुद्धा. इलाज नव्हता, रोग पसरला असता. पण त्या बाईच्या मनाचा विचार करा. घर गेलं, नवरा युद्धावर नाहीतर मातीत, एक लेकरू वाटेत पुरलं, आणि आता डोक्यावरचे केसही गेले. कधी कधी मदतीला असं कठोर व्हावंच लागतं, मला कळतं. पण तिथे एक वाक्य बोलायला, एक फडका डोक्याला बांधायला द्यायला काही लागत नाही हो.

(विठोबा रखुमाई, विठोबा रखुमाई)

हिंदुस्थानात पहिली आली ती अनाथ मुलं. खुष्कीच्या मार्गानं, ट्रकमधून, क्वेट्ट्यावरून. मुंबईत वांद्र्याला काही दिवस राहिली. मग जामनगरजवळ बालाचडीला नवानगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांच्यासाठी १९४२ मध्ये छावणी उभी केली. मुलं आली तेव्हा जामसाहेबांनी त्यांना सांगितलं की आजपासून तुम्ही अनाथ नाही, मी तुमचा बापू. हे नुसतं बोलणं नव्हतं. मुलांसाठी त्यांच्या भाषेतली पुस्तकं मिळवून वाचनालय केलं. त्यांचा पोलंडचा झेंडा तिथे फडकवू दिला. माझ्या राज्यात राहता तर माझाच झेंडा, असं म्हटलं नाही.

त्या छावणीत वाढलेली माणसं म्हातारपणी एक गोष्ट हसत हसत सांगत. मुलांना तिथे पालकाची भाजी मिळायची. पालक! तुमच्या घरची पोरं तरी कुठे खातात? या मुलांनी संप केला. पालक खाणार नाही म्हणाली. आता विचार करा, सैबेरियात झाडाची साल चघळलेली ही पोरं. आपण असतो तर काय म्हणालो असतो? "काय माजलीत! फुकटचं मिळतंय तर खा गुपचूप." म्हणालो असतो की नाही? जामसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी स्वयंपाक्यांना सांगितलं, पालक बंद.

मला ही गोष्ट फार आवडते. मूल नको म्हणालं म्हणजे ते पुन्हा मूल झालं. उपाशी माणूस नको म्हणत नाही, भिकारी नको म्हणत नाही. नको म्हणायला आतून थोडं बळ यावं लागतं. ते बळ परत आलं होतं, आणि महाराजांना ते ओळखता आलं.

आता वळिवडे.

इराणातल्या छावण्यांतून कुटुंबं जहाजानं कराचीला आली आणि तिथून इकडे. कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या मार्गावर, पंचगंगेच्या जवळ, मोकळ्या माळावर त्यांच्यासाठी लांबच लांब बराकी बांधल्या होत्या. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती अगदी तान्हे, कारभार रीजन्सीच्या हाती. कीर्तनात खोटं मोठेपण सांगू नये, म्हणून हेही सांगतो, की या छावणीचा खर्च काही कोल्हापूरकरांनी एकट्यानं उचलला नव्हता. लंडनमध्ये असलेल्या पोलंडच्या सरकारनं पैशाची बाजू सांभाळली, ब्रिटिश सरकारची देखरेख होती. कोल्हापूरनं जमीन दिली, पाणी दिलं, बाजार दिला, शेजार दिला. शेजार ही काही लहान गोष्ट नाही.

त्या बराकींत एक मोठा मुदपाकखाना काढून सगळ्यांना रांगेत उभं करणं सोपं होतं. पाच हजार माणसं, हातात थाळ्या, वाढपी दोन पळ्या वाढणार, चला पुढे. तसं केलं नाही. कुटुंबागणिक वेगळी जागा दिली, स्वयंपाकाची सोय दिली आणि महिन्याच्या खर्चाला हातात पैसे दिले. बाईनं बाजारात जायचं, भाजी निवडायची, घासाघीस करायची, घरी येऊन आपल्या चुलीवर आपल्या पद्धतीचं शिजवायचं. आसपासच्या गावचे विक्रेते त्यांच्याशी बोलता बोलता पोलिश शब्द शिकले, त्या मराठी शब्द शिकल्या.

यात काय एवढं मोठं? मायबाप, बायकांना विचारा. तीन-तीन वर्षं जिच्या हातात कुणीतरी तुकडा टाकत होतं, त्या बाईला एक दिवस सकाळी उठून ठरवता आलं की आज बटाटा करू का कोबी करू. आपल्या लेकराच्या ताटात आपल्या हातानं वाढता आलं. उरलं तर शेजारणीला वाटीभर देता आलं. देता आलं! ज्याला दुसऱ्याला काही देता येतं तो निराधार राहिला नाही. देवानं सुदाम्याकडे पोहे मागितले ते याचसाठी मागितले असणार. माझं आपलं असं मत आहे, पंडितांनी काही म्हणो.

बाकीचंही त्यांचं त्यांनीच चालवलं. शाळा त्यांच्या, शिक्षक त्यांच्यातलेच. चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची, बालवीरांची पथकं होती. पोरं पंचगंगेत डुंबायची. तब्येतीनं फार खालावलेल्यांना पाचगणीच्या हवेत ठेवायची सोय होती. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी मोडली, तिथली उरलेली मुलंही इकडेच आली. जे मेले ते इथल्याच मातीत आहेत, त्यांचं दफनस्थान कोल्हापुरात आहे. एखाददुसरी मुलगी इथल्या घरात सून होऊन राहिली.

युद्ध संपलं, पण यांना घरी जाता येईना. त्यांची गावं ज्या भागात होती तो भागच सोव्हिएत संघात गेला होता. आमचं गाव परत घेऊन जा, असं कुणाला सांगणार? काही पोलंडला परतले, बाकीचे इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, जिथे वाट मिळाली तिथे पांगले. १९४८ मध्ये वळिवड्याचा कॅम्प रिकामा झाला.

आणि रिकामा किती राहिला? राहिलाच नाही. फाळणी झाली होती. सिंधमधून घरदार टाकून आलेले सिंधी लोक त्याच जागी आले. ज्या माळावर पोलिश बाईनं चूल मांडली होती तिथे सिंधी बाईनं चूल मांडली. त्यांनी तिथे कापडाचा व्यापार उभा केला, आणि आज तुम्ही तिथून साड्या घेऊन येता. पुढच्या वेळी गेलात तर दुकानदाराशी दोन पैशांची घासाघीस करताना जरा आठवा, ही घासाघीस तिथे १९४३ पासून चालू आहे.

(जय जय विठोबा रखुमाई)

आता एक शंका. एका गावी हे आख्यान लावलं तेव्हा कीर्तन संपल्यावर एक गृहस्थ भेटले. चांगले, शिकलेले. म्हणाले, महाराज, छान सांगितलंत, पण आपल्याच लोकांना पुरत नाही, तिथे परक्यांना कशाला? शंका खोटी नाही, म्हणून तिला चुकवणार नाही. उलट ती मी आणखी धारदार करून देतो. ज्या १९४३ साली वळिवड्याला बराकी उभ्या राहिल्या, त्याच साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्न अन्न करत रस्त्यावर मेली. आपलीच माणसं. मग?

मग असं बघा. बंगाल वळिवड्यामुळे उपाशी राहिला नाही. तिथे धान्याचे भाव भडकले, होतं ते गरिबापर्यंत पोचलं नाही, आणि राज्यकर्त्यांनी वेळेवर हातपाय हलवले नाहीत. वळिवड्याची चूल विझवली असती म्हणून कलकत्त्याच्या फुटपाथवरची चूल पेटली नसती. राग यायचाच असेल तर असा येऊ दे, की जी अब्रू पोलिश बाईची राखली ती बंगालच्या बाईची का नाही राखली? हा राग खरा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली, तेव्हा तू कुठला, कुणाचा, हे विचारलं नव्हतं, आणि त्यांचं देणं फेडायला विठू महार होऊन देव गेला ही कथा आपण भक्तीनं ऐकतो. आणि माझ्या पाहण्यात असं आहे, की परक्याला देऊ नका म्हणणारा बहुतेक करून घरच्यालाही देत नाही. आमचे ते गृहस्थ नसतील तसे. पण पाहण्यात आहे.

निर्वासिताला आसरा दिला म्हणजे झालं, असंही नाही. महाभारतात बघा. पांडव अज्ञातवासात विराटाच्या नगरीत राहिले. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीच्या महालात राहिली. डोक्यावर छप्पर होतं, पोटाला अन्न होतं. पण कीचक होता. आणि कीचकाच्या घरी तिला पाठवलं कुणी? ज्या राणी सुदेष्णेनं आसरा दिला होता तिनंच, हातात भांडं देऊन, निमित्त काढून. आसरा दिला की घेणारी बाई आपल्या मुठीत आली, असं जिथे वाटतं तिथे कीचक तयार होतो. आजच्या छावण्यांतही ही भीती आहे. धान्याच्या रांगेत, पाण्याच्या नळावर, आणि रात्री अंधारात शौचाला जाताना.

म्हणून जगभरच्या मदत करणाऱ्या संस्थांनी एकत्र बसून 'स्फियर' नावाचं एक पुस्तक तयार केलं. त्यात काय आहे? अगदी साध्या गोष्टी आहेत. माणशी दिवसाला निदान पंधरा लिटर पाणी. वीस माणसांमागे एक तरी शौचालय, बायकांचं वेगळं, आतून कडी असलेलं. राहायला माणशी साडेतीन चौरस मीटर तरी जागा, म्हणजे एक सतरंजी पसरून बाजूला गाठोडं ठेवता येईल एवढी. काहींना वाटेल, कीर्तनात शौचालयाची गोष्ट कशाला? वारीला चालत जाणाऱ्या बायांना विचारा कशाला ते. पूर्वी पहाटे अंधारात उठून आडोसा शोधायच्या, दिवसभर पाणी कमी प्यायच्या. निर्मल वारी सुरू झाली, फिरती शौचालयं आली, तेव्हा त्या माउलींना काय बरं वाटलं ते त्यांनाच ठाऊक. आतून लागणारी कडी ही अब्रूची कडी आहे.

पैशाचंही तसंच. वळिवड्याला जे केलं ते आता जगात पुष्कळ ठिकाणी करतात. सिरियातली लढाई सुरू झाल्यावर शेजारच्या जॉर्डन देशात झातारी नावाची मोठी छावणी उभी राहिली. तिथे सुरुवातीला पोती वाटत, पुढे लोकांच्या नावे रक्कम जमा करू लागले. बाई दुकानात जायची, यंत्रासमोर डोळा धरायची, डोळ्याच्या खुणेवरून ओळख पटायची आणि सामान घेऊन यायची. काय घ्यायचं ते तिचं ती ठरवायची. आणि त्याच छावणीत निर्वासितांनी स्वतः दुकानं टाकून एक आख्खी बाजारपेठ केली.

आपल्याकडची रीत मात्र अजून सुधारायची आहे, हे म्हटल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लढाई नव्हे, २०१९ चा महापूर घ्या. कोल्हापूर-सांगलीकडे आम्ही गेलो होतो. महाराष्ट्रानं भरभरून दिलं, ट्रकच्या ट्रक आले. पण त्यात कपडे कसले? विरलेले, बटणं तुटलेले, कळकट. रस्त्याच्या कडेला ढीग पडले होते, गुरं त्यावर बसत होती. एक बाई नेसत्या वस्त्रानिशी शाळेत येऊन राहिली होती. तिच्यापुढे एकानं लुगडं धरलं, दुसऱ्यानं फोन वर केला. तिनं पदर तोंडावर ओढला आणि आत निघून गेली. लुगडं घेतलं नाही. लोक म्हणाले, बघा, गरज नाही यांना. अहो, गरज होती! चेहरा द्यायची तयारी नव्हती. लुगड्याची किंमत चेहरा, हा कसला बाजार?

आणि आता देणं कसं असावं ते बघा. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. युक्रेनमधून बायका-मुलं लाखोंनी शेजारच्या पोलंडमध्ये आली. हो, त्याच पोलंडमध्ये. आपली पोरंही तिकडे डॉक्टरकी शिकायला होती, महाराष्ट्रातलीही होती. ती थंडीत चालत सरहद्द ओलांडून पोलंड, रुमानिया, हंगेरीत उतरली आणि मग विमानानं घरी आली. तुमच्यापैकी कुणाच्या नात्यातलं कुणी असेलही.

त्या वेळी पोलंडमधल्या पशेमिशल नावाच्या गावच्या रेल्वे स्टेशनचा एक फोटो सगळीकडे छापून आला. फोटोत माणूस नव्हता. फलाटावर नुसत्या बाबागाड्या उभ्या होत्या. तान्ही लेकरं कडेवर घेऊन येणाऱ्या आयांसाठी कुणीतरी आपल्या घरच्या बाबागाड्या आणून ठेवल्या होत्या आणि निघून गेलं होतं. देणारं कुणी उभं नव्हतं. नाव लिहिलेलं नव्हतं, हात जोडायला कुणी नव्हतं, आभार मानायला कुणी नव्हतं. गाडीतून उतरलेल्या आईनं एक गाडी ओढायची, लेकरू ठेवायचं आणि चालू लागायचं. माझ्या डोळ्यांपुढे लगेच सुदाम्याचं रिकामं अंगण आलं.

मी असं म्हणणार नाही की कोल्हापूरनं केलं म्हणून पोलंडनं केलं. ज्यानं बाबागाडी ठेवली त्याला वळिवडे ठाऊक असेलच असं नाही. पण त्या देशानं आठवण ठेवली आहे हे खरं. वॉर्सॉ शहरात जामसाहेबांच्या स्मरणार्थ चौक आहे, भल्या महाराजांचा चौक म्हणतात त्याला. त्याच शहरात कोल्हापूरच्या नावाचंही स्मारक आहे. आणि कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे. दर्शनाला जाल तेव्हा जाऊन या. फार कुणी जात नाही तिथे, निवांत आहे.

कॅम्पात वाढलेली मंडळी पुढे म्हातारी होऊन काठी टेकत वळिवड्याला येत. पाहुणे म्हणून नव्हे, माहेरी आल्यासारखी. बराक कुठे होती, शाळा कुठे होती ते शोधत. एवढ्या वर्षांनी माणूस सात समुद्र ओलांडून जिथे परत येतो, तिथे त्याला काय मिळालं असेल? अन्न तर इराणातही मिळालं होतं.

वेळ झाली. माळकरी मंडळींनी टाळ घ्या, आरतीला उभे राहा. एक सूचना मघाशी चिठ्ठीवर आली आहे, तीही सांगतो. मंडपाच्या मागे बायकांसाठी जी शौचालयं केली आहेत तिकडे जायच्या वाटेवर दिवा नाही. मंडळाच्या पोरांनो, आरती आम्ही म्हणतो, तुम्ही आधी तो दिवा लावा. आणि दिवा लावून तिथे उभं राहू नका, परत या.

बोला, पंढरीनाथ महाराज की जय!